मदरबोर्ड गेला, पण दोष कुणाचा?

ज्यांना एपिसोड ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी हा लेखी अवतार. बोललो तसंच ठेवलंय, फक्त माझे "म्हणजे ना" जरा कमी केलेत.

आजचा विषय आहे मदरबोर्ड. त्यातही खराब झालेला मदरबोर्ड, आणि त्याचा इतिहास. हसू नका, याला खरंच इतिहास आहे. त्यात मुंबईची टीआयएफआर आहे, अमेरिकेतलं एक विद्यापीठ आहे आणि आपलं कामरगावसुद्धा आहे.

आधी माझी गोष्ट. साल २०२०. लॉकडाऊनमुळे मी पुण्यातली रूम सोडून घरी आलो होतो, कामरगावला. जिल्हा वाशिम, तालुका कारंजा. ऑफिसचा लॅपटॉप होता, पण स्वतःच्या हाताने जोडलेला कॉम्प्युटर हवा, ही बीटेकपासूनची इच्छा. पैसे साठवले, एकेक पार्ट ऑनलाइन मागवला. कुरिअर कारंज्याच्या पुढे येईना, म्हणून गाडीवर जाऊन बॉक्स आणले. घरी चादर अंथरली, मोबाईलवर व्हिडिओ लावला, आणि प्रोसेसर सॉकेटमध्ये ठेवताना तो बोटांतून निसटला. जेमतेम एक सेंटिमीटर उंचीवरून. धड आवाजही झाला नाही.

उचलून पाहिलं तर सॉकेटच्या एका कोपऱ्यात उजेड वेगळाच चमकत होता. १२०० पिनांचा सॉकेट, सगळ्या रांगा कवायतीला उभ्या असल्यासारख्या सरळ, आणि त्यात पाच-सहा पिना आडव्या झोपलेल्या.

मी रिटर्नचं पान उघडलं. पर्याय समोरच होता: वस्तू खराब अवस्थेत मिळाली. एक टिक केली की विषय संपला. कोण येतंय कामरगावात बघायला? पाच मिनिटं अंगठा स्क्रीनच्या वर तसाच. त्या पाच मिनिटांत जो प्रश्न पडला, तोच आजचा एपिसोड. बोर्ड खराब झाला की दोष कुणाचा, आणि तो ठरवतं कोण?

दारं असलेला कॉम्प्युटर

सुरुवात मुंबईपासून करू. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली एका टीमने देशातला पहिला डिजिटल कॉम्प्युटर बांधला. फेब्रुवारी १९६० मध्ये तो रीतसर कामाला लागला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला नाव दिलं, टिफ्रॅक. त्यात सुमारे २७०० व्हॅक्यूम ट्यूब, १७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रेझिस्टर होते. मेमरी किती? २०४८ शब्द, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. आज एक फॉरवर्ड केलेला गुड मॉर्निंग फोटो त्यात मावणार नाही.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळी आहे. हा कॉम्प्युटर १८ फूट लांब आणि ८ फूट उंच अशा लोखंडी सांगाड्यात बसवला होता, आणि त्याच्या प्रत्येक कप्प्याला दोन्ही बाजूंनी दारं होती. का? तर आत हात घालता यावा म्हणून. ट्यूब हा बल्बचाच भाऊ, आज ना उद्या जाणारच. बिघाड होणार हे बांधणाऱ्यांनी आधीच धरलं होतं. तिथे "दोष कुणाचा" असा प्रश्नच नव्हता. बांधणारे, वापरणारे आणि दुरुस्त करणारे बरेचसे तेच लोक.

पुढे १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला. त्याच्या टेक्निकल रेफरन्स पुस्तकात बोर्डाच्या सर्किटचे नकाशे चक्क छापलेले होते. मेमरीच्या बऱ्याच चिप खाचेत बसवलेल्या, म्हणजे एक गेली तर काढा आणि दुसरी लावा. दारं छोटी झाली होती, पण होती.

आपल्याकडे १९८४ च्या नव्या कॉम्प्युटर धोरणाने आयात सोपी केली, आणि हळूहळू "असेंबल्ड" हा शब्द मराठीच झाला. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, सुटे पार्ट घ्यायचे आणि जोडून आणायचे. त्याच काळात पुण्यात सी-डॅकमध्ये डॉ. विजय भटकर सुपरकॉम्प्युटर बांधत होते. १९९१ मध्ये परम ८००० आला. भटकर सर मूळचे मुरंब्याचे, तालुका मूर्तिजापूर. आपल्या शेजारचाच तालुका, बरं का! सी-डॅकचं जिस्ट कार्ड पण लक्षात ठेवा. हे कार्ड मदरबोर्डच्या खाचेत खोचलं की साध्या पीसीवर देवनागरी उमटायची. म्हणजे मराठीसुद्धा कॉम्प्युटरमध्ये शिरली ती बोर्डाची खाच मोकळी होती म्हणून.

फुगलेले कंडेन्सर

आता २००० च्या आसपास या. जगभरात मदरबोर्ड अचानक मरायला लागले. दीड-दोन वर्षं नीट चालायचे आणि मग कॉम्प्युटर मधेच बंद पडायचा. उघडून पाहिलं तर प्रोसेसरच्या भोवतीचे उभे डबे, म्हणजे कपॅसिटर, डोक्यावर फुगलेले. काहींमधून तपकिरी चिकट पाणी बाहेर आलेलं.

कारण रसायनात होतं. या कपॅसिटरमध्ये ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांची गुंडाळी असते आणि त्यात इलेक्ट्रोलाइट नावाचं द्रावण भरलेलं असतं. स्वस्त मालात पाणी जास्त असलेलं द्रावण वापरलं गेलं, पण ॲल्युमिनियम गंजू नये म्हणून जे घटक नीट मिसळायला हवेत ते नव्हते. मग आत हायड्रोजन वायू तयार व्हायचा, दाब वाढायचा आणि झाकण फुगायचं. कुणीतरी इलेक्ट्रोलाइटचा फॉर्म्युला चोरला आणि तोही अर्धवट, अशी कथा तेव्हा बरीच फिरली. कथा बाजूला ठेवा, फुगलेले डबे खरे होते.

आणि इथे आपला प्रश्न परत येतो. डेल कंपनीच्या ऑप्टिप्लेक्स कॉम्प्युटरांत हे कपॅसिटर होते. न्यायालयात उघड झालेल्या कागदपत्रांनुसार मे २००३ ते जुलै २००५ या काळात असा धोका असलेले किमान १ कोटी १८ लाख कॉम्प्युटर विकले गेले. टेक्सास विद्यापीठाच्या गणित विभागाने तक्रार केली, तेव्हा त्यांना काय सांगण्यात आलं माहितीये? की तुम्ही मशीनवर फार अवघड गणितं करता, म्हणून ती बिघडली! गणित विभागाला! २००५ मध्ये डेलने या दुरुस्त्यांसाठी ३० कोटी डॉलर बाजूला काढले, आणि ही जुनी उत्तरं २०१० मध्ये एका खटल्यातून वर्तमानपत्रांत आली.

विचार करा, गणिताच्या प्राध्यापकांना असं ऐकवता येतं, तर आपल्या गावातल्या माणसाचं काय? तेव्हा आपल्याकडे भारनियमन जोरात. लाइट जायची, आली की झटका देऊन यायची. कुणाचाही कॉम्प्युटर गेला की निदान ठरलेलं: "व्होल्टेज वरखाली झालं असेल." अनेकदा ते खरंही असेल. पण त्या "असेल"च्या आड कारखान्यातून आलेला दोष आरामात लपून जायचा. झाकण उघडून कपॅसिटरचं डोकं कोण बघणार?

पिना इकडून तिकडे

तिसरी गोष्ट २००४ ची, आणि ही थेट माझ्या अपघाताशी जोडलेली आहे. त्याआधी घरच्या कॉम्प्युटरमध्ये पिना प्रोसेसरच्या पोटाला असायच्या आणि बोर्डावर नुसती भोकं. पिन वाकली तर वाकायची प्रोसेसरची. जून २००४ मध्ये इंटेलने ७७५ नावाचा सॉकेट आणला आणि रचना उलटी केली. प्रोसेसरचं पोट सपाट झालं आणि ७७५ पिना बोर्डावर आल्या, त्याही केसासारख्या, स्प्रिंगसारख्या वाकड्या. कारणं तांत्रिक होती. कमी जागेत जास्त जोडण्या बसतात आणि वीज कमी अंतरात पोचते. एएमडीने घरगुती प्रोसेसरसाठी जुनी पद्धत बरीच वर्षं ठेवली. त्यांच्या एएम ४ प्रोसेसरला १३३१ पिना होत्या. २०२२ मध्ये एएम ५ आला आणि त्यांच्याही पिना बोर्डावर गेल्या, १७१८.

आता यातलं राजकारण बघा. महागडी वस्तू सपाट आणि सुरक्षित झाली, नाजूकपणा बोर्डाकडे गेला. आणि वॉरंटीच्या कागदावर वाकलेली पिन बहुतेक वेळा "फिजिकल डॅमेज" म्हणून धरली जाते, म्हणजे ग्राहकाची चूक. पिन कारखान्यात वाकली, कुरिअरच्या गाडीत वाकली की तुमच्या चादरीवर वाकली, हे पिन सांगत नाही.

सोनाराचं भिंग

तर मी टिक केली नाही. फार थोर आहे म्हणून नाही. टेक्सासचा किस्सा मी वाचलेला होता, आणि कंपनीने खोटं बोललं की आपल्याला राग येतो, मग आपण कोणत्या तोंडाने बोलायचं, एवढंच डोक्यात आलं.

बोर्ड घेऊन गावातल्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेलो. त्यांनी चष्मा वर केला. "काऊन रे, नवाच फोडला का?" मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "हात चालवाच्या पयले डोये चालव." आणि मला सोनाराकडे पाठवलं, भिंग मागायला. सोनाराने भिंग दिलं, बारीक चिमटा दिला, आणि काय चाललंय ते बघायला दुकान सोडून स्वतःही आला.

दोन तास लागले. बाजूच्या सरळ पिनेकडे बघायचं, आणि वाकलेली पिन शिवणाच्या सुईने अगदी थोडी थोडी, तिच्याच दिशेने परत आणायची. ओढायचं नाही, ढकलायचं. पाच पिना आल्या. सहावी तुटली. आवाज तिचाही आला नाही.

रात्री जोडणी केली, बटण दाबलं, पंखा फिरला, स्क्रीन आली. पण मेमरी अर्धीच दिसत होती. तुटलेली पिन मेमरीच्या एका चॅनलची निघाली. चारपैकी दोन खाचा कायमच्या गेल्या. दोन्ही पट्ट्या उरलेल्या खाचांत लावल्या आणि आजपर्यंत तसाच चालतोय. हा एपिसोड त्याच्यावरच एडिट केलाय.

तुम्ही जोडणार असाल तर

थोडक्यात सांगतो. बोर्ड हातात आला की बॉक्स उघडतानाचा व्हिडिओ काढा आणि सॉकेटचं काळं झाकण काढून जवळून फोटो घ्या, प्रोसेसर बसवायच्या आधी. ते झाकण फेकू नका, बोर्ड परत पाठवताना लागतं. कॉम्प्युटर सुरू झाला नाही तर बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढा, पुठ्ठ्यावर ठेवा, प्रोसेसर, त्याचा पंखा आणि मेमरीची एकच पट्टी लावून बघा. पट्टी एकेका खाचेत फिरवा. जुना बोर्ड असेल तर कपॅसिटरची डोकी बघा, सपाट हवीत. आणि घरात अर्थिंग आहे का हे आधी वायरमनला विचारा, बाकी सगळं नंतर.

जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. त्यात मोबाईल आले, गाड्या आल्या आणि शेतीची अवजारंही आली. म्हणजे ट्रॅक्टरवाल्याचा आणि माझा प्रश्न एकच आहे: वस्तू माझी, तर तिचं दार उघडायचा आणि आत काय बिघडलंय ते बघायचा हक्क कुणाचा? टिफ्रॅकला दारं होती. आपल्या वस्तूंना ती मागायला हवीत. आणि दार उघडल्यावर आत आपलीच चूक सापडली, तर तीही कबूल करायला हवी.

भिंग मी दुसऱ्याच दिवशी परत केलं. चिमटा मात्र सोनाराने मलाच देऊन टाकला. म्हणाला, "ठेव, परत लागन तुले."

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तुमच्या घरातला कुठला डबा कुणी न बघताच "व्होल्टेजमुळे गेला" ठरवलाय, ते कळवा. आणि जमलं तर आज त्याचं झाकण उघडून बघा. प्लग काढून, हां!