अतिचंचल मुलांचे औषध आणि 'टिक्स'

एडीएचडी, म्हणजे अवधानाचा अभाव व अतिचंचलता असलेल्या मुलाला मेथिलफेनिडेट सुरू केल्यावर कधी कधी त्याचे डोळे वारंवार मिचकू लागतात, खांदा उडतो, घसा सतत खाकरला जातो. या अनैच्छिक हालचाली म्हणजे 'टिक्स'. अपस्माराचे झटके ते हे नव्हेत. पालकांचा संशय साहजिकच गोळीवर जातो. औषधाच्या माहितीपत्रकातही तसा इशारा असतो.

संशोधनाचा कौल मात्र वेगळा आहे. अमेरिकेत एडीएचडी व टिक्स दोन्ही असलेल्या १३६ मुलांवरील अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. टिक्स वाढल्याची तक्रार मेथिलफेनिडेट घेणाऱ्यांत २० टक्के, तर औषधाचा अंशही नसलेली गोळी घेणाऱ्यांत २२ टक्के होती! २०१५ मधील २२ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातही लक्षणीय फरक आढळला नाही. टिक्स बहुधा पाच ते सात वर्षांच्या सुमारास उद्भवतात व आपोआप कमी-जास्त होतात. शाळेतून तक्रारी येऊन उपचार सुरू होण्याचा काळही साधारण हाच.

तरीही एखाद्या मुलात औषधाने टिक्स वाढण्याची शक्यता उरतेच. अशा वेळी डॉक्टर मात्रा घटवतात किंवा क्लोनिडिन, ॲटोमॉक्सेटिन यांचा विचार करतात. पालकांनी परस्पर गोळी बंद करू नये.