वाळवंटातलं मांजर, खाडीकाठचा फ्लॅट

मांजर हा मुळात उन्हातला प्राणी आहे. 2007 साली 979 मांजरांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्या घरातली सगळी मांजरं उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या रानमांजराची वंशज आहेत, हे त्यातून पक्कं झालं. सायप्रस बेटावर तर साडेनऊ हजार वर्षांपूर्वी माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलंय.

या प्राण्याने उन्हावर काढलेला तोडगा साधा होता. दुपारी सावलीत झोपायचं, दिवस कलला की शिकारीला निघायचं, पाणी बरंचसं भक्ष्याच्या अंगातूनच मिळवायचं. त्यामुळे मांजराला अजूनही तहान कमी लागते, आणि नुसते कोरडे दाणे खाणाऱ्या मांजराला उन्हाळ्यात पाणी कमी पडतं. घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या गाद्यांना. बाकी अंग चाटायचं. थुंकी वाळली की गारवा.

पण ही युक्ती कोरड्या हवेतली. नवी मुंबई ठाण्याच्या खाडीकाठी. इथे आपला घाम वाळत नाही, तशी मांजराची थुंकीही वाळत नाही. उष्णतेची लाट जाहीर करताना हवामान खातं सपाटीवर 40 अंश धरतं, किनाऱ्यावर 37. आकडा नागपूरपेक्षा लहान दिसतो म्हणून फसू नये. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या मैदानात भर उन्हात बसलेल्या माणसांपैकी 14 जण दगावले.

1970 साली सिडको स्थापन झाली आणि 95 गावांच्या जमिनीवर शहर आखलं गेलं. दिवाळे, सारसोळे, करावे ही कोळी-आगऱ्यांची गावं. मासळी तिथे मांजर, हे सांगायला नकोच. कौलारू घरात मांजराला कोणी ‘गार ठेवत’ नव्हतं. ओटा तापला की ते आत यायचं, आतही उकडलं की माठाशेजारच्या ओल्या जमिनीवर किंवा मागच्या झाडाखाली जायचं. जागा निवडायचं काम त्याचं त्यालाच.

चार्ल्स कोरिया यांनी 1983 ते 86 मध्ये बेलापूरला आर्टिस्ट्स व्हिलेज बांधलं, त्यातही ही मोकळीक होती. सात-सात घरं एका अंगणाभोवती, आणि प्रत्येक घराला स्वतःची उघडी जागा. कोरियांनी मांजरांचा विचार केला होता असं नाही, पण मांजराला हवं तेच तिथे आहे. बाकी शहर मात्र उंच वाढत गेलं. पश्चिमेची खिडकी, वर तापलेला स्लॅब, बेडरूमचं दार बंद आणि मांजर आत. दिवसभर तापलेलं काँक्रीट रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतं. मांजर जाणार कुठे?

त्यात आवड पर्शियनची. पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा इटालियन प्रवासी 1620 च्या सुमारास इराणमध्ये होता. खोरासानच्या लांब केसांच्या मांजरांवर तो इतका खूश झाला, की त्यांच्या जोड्या रोमला न्यायचं त्याने मनात घेतलं. पोर्तुगीजांनी ही मांजरं हिंदुस्थानात नेली, असंही तो लिहितो. म्हणजे ‘पर्शियन’ आपल्याकडे कालपरवा आलेलं नाही. पण त्याने पाहिलेल्या मांजराला आजच्यासारखं चपटं नाक नव्हतं. ते विसाव्या शतकातल्या पैदासकारांचं कर्तृत्व. थुंकीने भागेनासं झालं की मांजर धापा टाकतं, आणि नेमका तो शेवटचा मार्ग या नाकाने अरुंद करून ठेवलाय. माझ्या मते ही हौस क्रूर आहे.

उकाड्याचा दुसरा धोका खिडकीचा. 1984 साली न्यूयॉर्कच्या एका पशुरुग्णालयात पाच महिन्यांत उंचावरून पडलेली 132 मांजरं आली. उपचार झालेल्यांपैकी सुमारे 90 टक्के जगली. हा आकडा ‘मांजर पडलं तरी पायावर पडतं’ म्हणून मोठ्या उत्साहाने फिरवला जातो. जी खालीच मेली त्यांना रुग्णालयात कोण नेणार? वाऱ्यासाठी स्लायडिंग खिडकी उघडी टाकणार असाल, तर आधी जाळी घट्ट आहे का बघा. बाहेर कबुतर बसलं की मांजराला मजला आठवत नाही.

मांजराचं नेहमीचं तापमानच 38 ते 39 अंश. ते 40 च्या वर गेलं की काळजीचं. तोंड उघडून धापा, लाळ, तोल जाणं यातलं काहीही दिसलं तर गार खोलीत न्या, साध्या पाण्याने अंग आणि पंजे भिजवा, पंखा लावा, आणि डॉक्टरांना फोन करून लगेच निघा. बर्फाचं पाणी ओतू नका. केस भादरायची घाई नको, विंचरून गुंता काढा. पाण्याची भांडी दोन-तीन, वेगवेगळ्या खोल्यांत. वरच्या मजल्यावर असाल तर दुपारचं नळाचं पाणी हाताला लावून बघा, गच्चीवरच्या टाकीत ते चांगलंच तापलेलं असतं. आणि कामाला निघताना सगळ्या खोल्यांची दारं उघडी ठेवा, मोरीचंसुद्धा. वाऱ्याने आपटू नये म्हणून मागे भरलेली बादली, आणि बादलीवर झाकण.