लोहितांग ज्वराची पारख

इंग्लंडच्या उत्तर सीमेजवळ कार्लाइल नावाचे एक जुने नगर आहे. तेथील कॅथीड्रलचे डीन आर्चिबाल्ड टेट यांच्या घरात १८५६ सालच्या मार्च महिन्यात सहा कन्या आणि एक पुत्र अशी सात मुले नांदत होती. त्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घरात स्कार्लेट फीवर शिरला, आणि एप्रिलचा मध्य उजाडण्यापूर्वी पाच कन्या एकीमागून एक निवर्तल्या. मागे उरले ते पुत्र आणि नुकतीच जन्मलेली तान्ही मुलगी. हे टेट पुढे कँटरबरीचे आर्चबिशप झाले. दोनच वर्षांनी, १८५८ च्या जूनमध्ये, चार्ल्स डार्विन यांच्या घरीही हाच ज्वर आला. एका मुलीला घटसर्प झाल्याची भीती घरात होतीच. तशात दीड वर्षाचा धाकटा मुलगा या तापाने गेला. त्यानंतर तीनच दिवसांनी लंडनच्या लिनियन सोसायटीत डार्विन आणि वॉलेस यांचे जीवसृष्टीच्या उत्क्रांतीविषयीचे लेख वाचले गेले. पण त्या ऐतिहासिक सभेला डार्विन उपस्थित राहू शकले नाहीत.

एक घर धर्माधिकाऱ्याचे, दुसरे शास्त्रज्ञाचे. विद्या, पैसा, वैद्य, कशाचीच त्यांना वाण नव्हती. वाण होती ती एका साध्या उत्तराची. घरातल्या पहिल्या मुलाचा घसा दुखू लागला, अंग तापले, म्हणजे हे साधे पडसे आहे की मृत्यूची चाहूल आहे, हे त्या क्षणी सांगू शकेल असा मनुष्य त्या काळी पृथ्वीवर नव्हता. आज तेच उत्तर दवाखान्यातल्या मेजावर, काही देशांत तर घरच्या मेजावरही, पाच-दहा मिनिटांत कागदाच्या पट्टीवर उमटते. हा पल्ला गाठावयास मानवाला फार काळ लागला, आणि तो एका उडीत गाठला गेला नाही. त्या प्रवासाचा वृत्तांत आपणांस आजही उपयोगी पडेल असा आहे.

ज्याला आपल्या ग्रंथांत लोहितांग ज्वर म्हणतात, त्या रोगाची लक्षणे अशी : घसा लाल होऊन दुखतो, ताप चढतो, आणि एकदोन दिवसांत अंगावर बारीक लाल पुरळ उठते. हात फिरविला तर कातडी काचकागदासारखी खरखरीत लागते. गाल लाल होतात. पण ओठांभोवतीची जागा फिकी राहते. जिभेवरचे पांढरे कीट गळाले म्हणजे ती स्ट्रॉबेरीच्या फळासारखी लाल आणि दाणेदार दिसू लागते. पुढे कातडीचे पापुद्रे सुटतात. सिसिलीतील वैद्य इन्ग्रासिया याने १५५३ मध्ये अशा एका पुरळाचे वर्णन करून ते गोवराहून वेगळे असल्याचे नमूद केले. लंडनचा विख्यात वैद्य टॉमस सिडनम याने १६७६ मध्ये या ज्वराला लालभडक रंगावरून नाव दिले. गंमत अशी की, सिडनमच्या मते हा एक सौम्य विकार होता. रोग्याला फार औषधे न देणे हाच त्यावरचा उत्तम उपाय, असे तो समजे. त्याच्या काळी ते खरेही असेल. या ज्वराचा स्वभाव पिढ्यांगणिक पालटत आला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तो युरोप-अमेरिकेतील बालकांचा काळ ठरला, आणि त्या शतकाच्या अखेरीस, कोणतेही रामबाण औषध हाती नसतानाच, तो पुन्हा निवळू लागला.

वैद्याच्या हाती तेव्हा एकच साधन होते, ते म्हणजे डोळा. फ्रान्समधील तूर नगरीचा वैद्य ब्रेतोनो याने १८२६ मध्ये घटसर्पाला वेगळा रोग म्हणून ओळख दिली. तोपर्यंत घशाच्या भयंकर रोगांची एकमेकांत पुष्कळ सरमिसळ होत असे. परंतु डोळ्याला पुरळाची वाट पाहावी लागते, आणि पुरळ उठेपर्यंत पहिल्या मुलापासून दुसऱ्याला लागण होऊन गेलेली असते.

यानंतर सूक्ष्मदर्शकाचे युग आले. व्हिएन्नाचे शल्यविशारद बिलरोट यांनी १८७४ मध्ये चिघळलेल्या जखमांत मण्यांच्या माळेसारखे दिसणारे जंतू पाहिले आणि त्यांना स्ट्रेप्टोकॉकस असे नाव दिले. १८८४ मध्ये जर्मन संशोधक लोफ्लर यांना लोहितांग ज्वराच्या रोग्यांच्या घशातही तशाच माळा आढळल्या. मग चोर सापडला असेच कोणीही म्हणेल. पण येथेच खरी अडचण उभी राहिली. हेच जंतू धावऱ्यात सापडत, पिकलेल्या जखमेत सापडत, आणि पुरळ नसलेल्या साध्या घसादुखीतही सापडत. एका जंतूपासून एकच रोग, हा त्या काळचा सिद्धांत होता. एकच जंतू इतक्या रोगांचा धनी कसा असेल, या शंकेत जवळजवळ चाळीस वर्षे गेली.

ती शंका फिटली शिकागोत, आणि तिच्यामागे पुन्हा एका बालकाचा मृत्यू उभा आहे. जॉन रॉकफेलर यांचा नातू, मॅकॉर्मिक घराण्यातील एक लहान मुलगा, १९०१ च्या आरंभी या ज्वराने दगावला. त्याच्या आईवडिलांनी त्याच्या नावाने सांसर्गिक रोगांच्या संशोधनाची एक संस्था स्थापिली. त्याच संस्थेत जॉर्ज आणि ग्लॅडिस डिक हे दांपत्य काम करीत होते. एका रोगग्रस्त परिचारिकेच्या बोटातून मिळविलेले जंतू त्यांनी स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांच्या घशाला लावले, आणि त्यांतून हुबेहूब लोहितांग ज्वर उत्पन्न झाला. हे १९२३ साल. जंतू घशात राहतो, आणि पुरळ उठविते ते त्याने रक्तात सोडलेले विषद्रव्य, असा उलगडा झाला. पुढे याच्याही खोलात शिरणारी एक गोष्ट उघड झाली : हे विषद्रव्य निर्माण करण्याची शक्ती जंतूला त्याच्या पोटात दडून बसलेल्या एका विषाणूपासून मिळते. ज्याच्यात तो विषाणू नाही असा जंतू नुसता घसा दुखवितो. ज्या मुलाच्या रक्तात त्या विषाचा उतारा आधीच तयार आहे, त्याचाही नुसता घसाच दुखतो. चाळीस वर्षांच्या कोड्याचे उत्तर हे असे होते.

आता या काळातील कसोट्यांकडे पाहू. १९१८ मध्ये जर्मनीत शुल्ट्झ आणि चार्ल्टन यांनी दाखविले की, या ज्वरातून बऱ्या झालेल्या माणसाची रक्तलसी पुरळावर टोचली, तर काही तासांनी तेवढी जागा फिकी पडते. १९२४ मध्ये डिक दांपत्याने आपली कसोटी पुढे आणली. विरळ केलेले विषद्रव्य हाताच्या कातडीत टोचावयाचे आणि दुसऱ्या दिवशी तेथे लाल चकंदळ उठते की काय ते पाहावयाचे. उठले तर त्या व्यक्तीला हा ज्वर होण्याचा संभव आहे असे ठरे. तिसरी रीत प्रयोगशाळेतील : घसा कापसाच्या बोळ्याने पुसून तो रक्त मिसळलेल्या खाद्यावर फिरवावयाचा आणि रात्रभर उबेत ठेवावयाचा. जंतूंच्या वसाहतीभोवती रक्त विरघळून स्वच्छ कडे दिसले की ओळख पटू लागे.

या तिन्ही कसोट्या एकाच रोगाविषयी आहेत. पण तिन्हींचे प्रश्न निराळे आहेत. पहिली विचारते, हे पुरळ या ज्वराचेच काय? दुसरी विचारते, या माणसाला उद्या हा ज्वर होऊ शकेल काय? तिसरी विचारते, या घशात तो जंतू आहे काय? डिक कसोटीचे उत्तर ऐकून आज ताप कशाचा आहे हे ठरवू पाहणारा वैद्य फसला असता. त्यात कसोटीचा दोष मुळीच नसता.

आजच्या पट्टीचा पाया न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत रेबेका लॅन्सफील्ड या विदुषीने घातला. या माळवाल्या जंतूंच्या भिंतीत एक विशिष्ट शर्करायुक्त द्रव्य असते. ते तिने कढत आम्लाने बाहेर काढले, आणि त्यातील भेदांवरून १९३३ मध्ये जंतूंचे अ, ब, क असे गट पाडले. माणसाचा घसा बिघडविणारा आणि लोहितांग ज्वर आणणारा जंतू बहुतांशी अ गटाचा, हे त्यातून स्पष्ट झाले. १९८० नंतर प्रचारात आलेल्या झटपट चाचणीत याच द्रव्याचा शोध घेतला जातो. बोळ्यावर दोन द्रावणांचे थेंब टाकून आम्ल तयार करतात. ते जंतूच्या भिंतीतील शर्करा मोकळी करते. मग पट्टीवरील प्रतिद्रव्ये तिला पकडतात आणि एक रंगीत रेघ उमटते. जे काम रात्रभर चाले, ते आता चहा उकळेपर्यंत उरकते.

पण ही रेघदेखील एकाच प्रश्नाचे उत्तर देते : अ गटाचा जंतू या घशात आहे काय? लोहितांग ज्वर आहे किंवा नाही, हे ती सांगत नाही. ते ठरविण्यासाठी पुरळ, जीभ आणि ओठांभोवतीचा फिकेपणा पाहणारा जुना डोळाच लागतो. काही मुलांच्या घशात हा जंतू उपद्रव न देता वस्तीला असतो. अशा मुलाला विषाणूमुळे पडसे झाले तरी रेघ उमटेल. उलट, सुमारे शंभर खऱ्या रोग्यांपैकी पंधराएक रोगी या चाचणीतून निसटतात, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणात दिसून आले आहे. घरी चाचणी करताना तर बोळा कित्येकदा टॉन्सिलपर्यंत पोहोचत नाही. मूल ओकारी देते, आईचा हात थबकतो, आणि जिभेची लाळ तेवढी टिपली जाते. अशा वेळी न उमटलेली रेघ म्हणजे निर्वाळा नव्हे.

मग घाई कशासाठी? तिचे कारण १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आहे. अमेरिकेतील वायोमिंग राज्यात, वॉरेन येथील हवाई दलाच्या तळावर डॉक्टर रॅमेलकँप यांच्या मंडळींनी घसादुखीच्या जवानांना पेनिसिलिन दिले, आणि त्यामुळे पुढे येणारा संधिज्वर टळतो असे सिद्ध केले. संधिज्वर सांध्यांना चाटून जातो. पण हृदयाच्या झडपांना कायमचा डसतो. दुखणे सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू झाले, तर हा धोका बहुधा टाळता येतो.

या ठिकाणी ही कथा आपल्या दाराशी येते. लोहितांग ज्वराचे थैमान युरोपने पाहिले तसे हिंदुस्थानने पाहिले नाही. पण त्याच अ गटाच्या जंतूपासून उद्भवणारा हृदयाचा विकार आपल्याकडे फार मोठा आहे. शाळकरी वयात दुर्लक्षिलेली घसादुखी विशी-तिशीत धाप लागून प्रकट होते. नऊ दिवसांची मुदत ध्यानात घेता शहरातल्या रोग्याला प्रयोगशाळेचा एक दिवस थांबावयास हरकत नसते. परंतु दोन कोस चालून आरोग्य केंद्रावर आलेली, रोजगार बुडवून बसलेली माता उद्या निकाल ऐकावयास पुन्हा येईलच, असे कोण म्हणेल? तिच्यासाठी दहा मिनिटांचे उत्तर म्हणजे चैनीची वस्तू नव्हे. रेघ उमटली तर पेनिसिलिन तेथल्या तेथे देता येते. न उमटली, पण डॉक्टरांचा संशय कायम राहिला, तर घसा पुसून प्रयोगशाळेकडे पाठविता येतो. सरसकट साऱ्यांना प्रतिजैविके वाटण्याची सवयही त्यामुळे आवरता येते.

हा जंतू अजून हरलेला नाही. २०२२ च्या हिवाळ्यात इंग्लंडात लोहितांग ज्वराची मोठी लाट आली, काही बालके अ गटाच्या जंतूच्या तीव्र आक्रमणाने दगावली, आणि पेनिसिलिनचाच तुटवडा पडला. डीन टेट यांच्या घरी उत्तरही नव्हते आणि उपायही नव्हता. आपल्याजवळ आज दोन्ही आहेत. मात्र हाती घेतलेली कसोटी कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते हे आधी ओळखावे, आणि राहिलेल्या प्रश्नासाठी जाणत्या वैद्याकडे मूल घेऊन जावे, एवढा शहाणपणा आपला आपल्यालाच बाळगावा लागेल.