शब्दकथा : थोर आणि थोरला

१/ चांदवडच्या रंगमहालाशी अहिल्याबाई होळकरांचे (१७२५–१७९५) नाव निगडित आहे. त्यांना आपण ‘थोर’ म्हणतो. हा शब्द मात्र मुळात देहाचे वर्णन करणारा होता.

२/ वैदिक संस्कृतात ‘स्थूर’ म्हणजे जाड, भरदार. ‘स्थूल’ हे त्याचेच दुसरे रूप. प्राकृतात त्याचे ‘थोर’ झाले आणि तेच मराठीत आले. आकाराचा मोठेपणा पुढे योग्यतेचा मोठेपणा ठरला.

३/ स्वीडिश आणि नॉर्वेजियन भाषांत ‘मोठा’ म्हणजे ‘स्टूर’. हा शब्द आणि आपला ‘स्थूर’ या दोहोंचा संबंध अभ्यासक ‘उभे राहणे’ या अर्थाच्या आदिम धातूशी जोडतात. संस्कृत ‘स्था’ त्याच कुळातला. तिकडे अर्थ आकारापाशी अधिक राहिला, इकडे तो गुणांकडे वळला.

४/ ‘थोरला’ मात्र वयाचा आणि क्रमाचा शब्द. दुसऱ्या बाजीरावांपासून वेगळे ओळखण्यासाठी पहिले ‘थोरले बाजीराव’ झाले. देवासच्या पवारांच्या दोन गाद्याही ‘थोरली पाती’ आणि ‘धाकटी पाती’ म्हणून ओळखल्या गेल्या.

५/ थोरलेपण जन्मक्रमाने लाभते, थोरपण लोक देतात. चौंडीच्या पाटलांच्या कन्येला लाभले ते हे दुसरे.