लाकडावरील तेलझिलई

लाकडावरील तेलझिलई ही जवसाच्या (अळशीच्या) तेलासारखे हवेत सुकणारे तेल लाकडात मुरवून आणि त्याचे अनेक पातळ हात घासून पृष्ठभागाला चकाकी आणण्याची पद्धत होय. रंग व व्हार्निश लाकडावर स्वतंत्र पापुद्रा तयार करतात. तेल मात्र मुख्यतः लाकडाच्या वरच्या स्तरात मुरते व तेथेच घट्ट होते. दारे, खांब, देव्हारे, कपाटे, हत्यारांच्या मुठी, बंदुकीचे दस्ते आणि क्रिकेटच्या बॅटी यांसाठी ही पद्धत वापरली जाते. पुणे जिल्ह्यातील मावळ तालुका व लोणावळा यांसारख्या अतिपावसाच्या प्रदेशात या कामाचे यश तेलाच्या प्रतीइतकेच ऋतूवर आणि लाकडातील ओलाव्यावर अवलंबून असते.

तेल सुकण्याची क्रिया

तेलाचे 'सुकणे' हे पाण्याच्या सुकण्यासारखे नसते. त्यात बाष्पीभवन होत नाही. तेल हवेतील प्राणवायू शोषून घेते, त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि द्रवाचे रूपांतर लवचीक घनात होते. त्यामुळे सुकताना तेलाचे वजन घटण्याऐवजी प्रारंभी वाढते. जवसाच्या तेलात लिनोलेनिक आम्लाचे प्रमाण साधारण निम्मे असल्याने हा गुण त्यात ठळकपणे आढळतो. करडईचे तेल त्या मानाने सावकाश सुकते. खोबरेल, शेंगदाण्याचे तेल व एरंडेल ही न सुकणारी तेले आहेत. ती लाकडावर लावल्यास तात्पुरती तकाकी येते. पण पृष्ठभाग चिकट राहतो व त्यावर धूळ बसते.

जवसाचे तेल दोन प्रकारांत मिळते. कच्चे तेल सुकण्यास अनेक दिवस घेते. दुसरा प्रकार उकळलेल्या तेलाचा असून कारागिरांच्या बोलीत त्यास 'बेलतेल' म्हणतात. पूर्वी हे तेल मुर्दाडशिंगासारख्या शिशाच्या संयुगांसह तापवीत. आता त्यात बहुधा कोबाल्ट किंवा मँगनीज यांची संयुगे मिसळतात. असे तेल अनुकूल हवेत एक ते दोन दिवसांत सुकते. या संयुगांमुळे ते स्वयंपाकाच्या लाकडी भांड्यांसाठी अयोग्य ठरते.

चकाकीचे कारण

कोरड्या लाकडाच्या सूक्ष्म पोकळ्यांत हवा असते. हवा व लाकडाची पेशीभित्ती यांच्या अपवर्तनांकांत मोठा फरक असल्यामुळे प्रकाश विखुरतो आणि लाकूड फिकट दिसते. जवसाच्या तेलाचा अपवर्तनांक सुमारे १.४८, म्हणजे पेशीभित्तीच्या बराच जवळचा असतो. तेलाने पोकळ्या भरल्या की प्रकाशाचे विखुरणे कमी होते, रंग गडद होतो व रेषा उठून दिसतात.

रंगाची ही खोली पहिल्याच हाताने येते. चकाकी मात्र येत नाही. चकाकीसाठी प्रकाश एकाच दिशेने परावर्तित व्हावा लागतो, म्हणजेच पृष्ठभाग सपाट असावा लागतो. यामुळे झिलईचा बराचसा भाग तेल लावण्यापूर्वीच्या घासकामावर ठरतो. जाड हात देऊन ही उणीव भरून निघत नाही. जाड थराची वरची बाजू आधी सुकते, आतील तेलाला प्राणवायू मिळत नाही आणि पृष्ठभाग सुरकुततो.

मावळातील लाकूडकाम

या परिसरातील लाकूडकामाची परंपरा प्राचीन आहे. भाजे येथील चैत्यगृह इसवी सनापूर्वीच्या २ऱ्या शतकातील, तर कार्ले येथील मोठे चैत्यगृह इसवी सनाच्या १ल्या शतकाच्या सुमाराचे मानले जाते. दोन्ही ठिकाणी कातळातील गजपृष्ठाकार छताखाली लाकडी कमानी बसविलेल्या आहेत. भाजे येथे छताच्या लाकडावर ब्राह्मी लिपीतील लेख आढळले आहेत. कार्ले येथील स्तूपावर लाकडी छत्र आहे. तेथीलच एका शिलालेखात धेनुकाकट येथील सामी नावाच्या सुताराने द्वार घडविल्याचा उल्लेख येतो. दगडातील कामाचा कर्ता म्हणून सुताराचे नाव कोरले जाणे, हे लाकूडकाम व शैलकाम यांच्यातील निकट नात्याचे द्योतक होय.

या कमानींच्या दीर्घायुष्याचे श्रेय सागाच्या गाभ्यातील नैसर्गिक द्रव्ये आणि कातळाचा आडोसा यांना दिले जाते. थेट पाऊस व ऊन यांपासून मिळालेले रक्षण हे लाकडासाठी कोणत्याही लेपाहून अधिक मोलाचे असते.

अर्वाचीन काळात, १८६३ मध्ये बोरघाटातील लोहमार्ग सुरू झाल्यानंतर लोणावळा व खंडाळा ही मुंबईकरांची हवा पालटण्याची ठिकाणे झाली. तेथील जुने बंगले, तसेच मावळातील गावांमधील वाडे व मंदिरे यांत सागाची दारे, तुळया व खांब आजही आढळतात.

हवामानाचा परिणाम

लोणावळ्याचे वार्षिक पर्जन्यमान ४,००० मिलिमीटरच्या वर जाते, तर पूर्वेस वडगाव व तळेगावकडे ते झपाट्याने घटते. त्यामुळे एकाच तालुक्यात लाकडाचे वर्तन गावागणिक वेगळे असते. हवेतील सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असताना लाकडातील ओलावा साधारण १२ टक्के राहतो. आर्द्रता ९० टक्क्यांवर गेल्यास तो २० टक्क्यांच्या आसपास पोहोचतो. याच मर्यादेपुढे लाकूड कुजविणाऱ्या बुरशीचा धोका वाढतो.

पावसाळ्यात लाकूड फुगते व दारे चौकटीत अडकतात. त्या वेळी रंधा मारून दार कमी केल्यास हिवाळ्यात फटी पडतात. ओल्या लाकडात तेल नीट मुरत नाही, दमट व थंड हवेत ते सावकाश सुकते आणि चिकट राहिलेल्या तेलावर काळी बुरशी धरते. कच्चे तेल बुरशीचे पोषणही करते. म्हणून या भागात नोव्हेंबर ते मार्च हा काळ तेलझिलईस सर्वांत सोयीचा ठरतो. ऑक्टोबरमध्ये पाऊस थांबला तरी जाड लाकडातील ओल लगेच जात नाही. एप्रिल व मे महिन्यांत तेल लवकर सुकते; मात्र धुळीपासून जपावे लागते आणि काम पहिल्या वळवाच्या आत पुरे करावे लागते.

कृती

१. जुना रंग, मेण व मळ काढून लाकूड पूर्ण कोरडे होऊ देतात.

२. रेषांच्या दिशेने क्रमाने १२०, १८०, २४०, ३२० व ४०० क्रमांकांच्या पॉलिश पेपरने घासतात. एखादा क्रमांक गाळल्यास आधीचे ओरखडे झिलईनंतर स्पष्ट दिसतात.

३. साग व शिसव यांतील नैसर्गिक द्रव्ये तेलाच्या सुकण्यात अडथळा आणतात. म्हणून तेल लावण्याच्या थोडे आधी पृष्ठभाग स्पिरिटने पुसून घेतात व स्पिरिट उडून जाऊ देतात.

४. पहिल्या हातासाठी तेलात तेवढेच टर्पेंटाइन मिसळतात, म्हणजे ते खोलवर मुरते. पंधरा-वीस मिनिटांनी न मुरलेले तेल कोरड्या सुती कापडाने पूर्णपणे पुसून घेतात. पुसणे ही या कृतीतील सर्वांत महत्त्वाची पायरी होय.

५. हात पूर्ण सुकल्यावर पुढचा हात देतात. सुकलेला पृष्ठभाग बोटाला चिकटत नाही व घासल्यास कोरडी भुकटी देतो.

६. दुसऱ्या किंवा तिसऱ्या हाताच्या वेळी ओल्या तेलातच ४०० क्रमांकाचा वॉटर पेपर फिरवतात. त्यातून होणारा लाकडाच्या भुकटीचा व तेलाचा लगदा सागाची छिद्रे भरून काढतो. खडू व जवसाच्या तेलाची लांबी यासाठी वापरल्यास छिद्रांत पांढरे ठिपके दिसतात.

साधारण पाच ते आठ हातांनंतर मंद, रेशमी चकाकी येते. पाश्चात्त्य कारागिरांत आठवडाभर रोज, महिनाभर आठवड्यातून एकदा, वर्षभर महिन्यातून एकदा व नंतर वर्षातून एकदा तेल लावावे, असा संकेत रूढ आहे. मावळात पावसाळ्याचे महिने त्यातून वगळावे लागतात.

आरशासारखी झिलई

केवळ तेलाने आरशासारखी चकाकी सहसा येत नाही, कारण सुकलेले तेल मऊ असते. त्यासाठी अखेरच्या काही हातांत तेल, व्हार्निश व टर्पेंटाइन समप्रमाणात मिसळून ते पातळ पुसून लावतात. व्हार्निशमधील राळ थराला कठीणपणा देते. हा थर काही आठवडे पक्का होऊ दिल्यावर प्यूमिस दगडाची बारीक पूड व त्यानंतर त्याहून मऊ अशी त्रिपोलीची पूड तेलासह नमद्याच्या तुकड्याने घासतात.

दुसरा मार्ग लाखेच्या पॉलिशचा आहे. स्पिरिटमध्ये विरघळविलेली चपडा लाख कापसाच्या बोळ्याने पूर्ण सुकलेल्या तेलावर लावतात. बोळा अडखळू नये म्हणून त्यास तेलाचा एखादा थेंब देतात. ही चकाकी सर्वांत झगझगीत असते. परंतु दमट हवेत लाखेचा थर पांढरट पडतो. त्यामुळे लोणावळ्यासारख्या ठिकाणी ती घरातील कोरड्या जागीच टिकते.

निगा व दुरुस्ती

तेलझिलईचा मुख्य गुण दुरुस्तीची सुलभता हा आहे. ओरखडा पडल्यास तेवढाच भाग घासून पुन्हा तेल देता येते. ऑइल पेंटच्या पापुद्र्यात तडा गेला, की त्यातून पाणी आत शिरते व लवकर बाहेर पडत नाही. रंग फुगतो आणि आतील लाकूड नजरेआड कुजते. पुढे तो रंग कॉस्टिकने किंवा ज्योतीने उतरविताना कोरीव नक्षीची हानी होते. याउलट तेल पाण्याची वाफ पूर्णपणे अडवीत नाही आणि पाण्याला फार काळ थोपवीतही नाही. म्हणून पावसाचा थेट मारा असलेल्या दारांना वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, तेलाचा हात द्यावा लागतो. वळचण किंवा पडवी नसल्यास तेलझिलई अपुरी पडते. अंधाऱ्या जागी जवसाचे तेल कालांतराने पिवळसर होते.

धोके व दक्षता

जवसाचे तेल सुकताना उष्णता निर्माण होते. तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगळून किंवा ढीग करून ठेवल्यास ही उष्णता आत कोंडते आणि ठिणगी नसतानाही काही तासांत चिंध्या पेट घेऊ शकतात. लाकडी माळे, भुसा व बंद खोल्या असलेल्या जुन्या घरांत हा धोका गंभीर ठरतो. वापरलेल्या चिंध्या मोकळ्या हवेत एकेक पसरून कडक होईपर्यंत वाळवाव्यात किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवाव्यात. टर्पेंटाइन व स्पिरिट ज्वालाग्राही असल्याने काम खेळत्या हवेत व विस्तवापासून दूर करणे आवश्यक असते. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असते. तो घासताना पाण्याचा वापर करावा व तोंडावर योग्य मुखपट्टी बांधावी.

संरक्षित वास्तू

कार्ले व भाजे येथील लेणी राष्ट्रीय महत्त्वाची संरक्षित स्मारके असून १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्याच्या कक्षेत येतात. तेथील लाकडाला तेल किंवा अन्य लेप लावण्यास मनाई आहे. घरगुती तेलझिलई प्राचीन लाकडासाठी योग्यही नसते. एकदा घट्ट झालेले तेल पुन्हा काढता येत नाही, ते काळवंडते आणि धूळ धरून ठेवते. त्याखालील हत्यारांच्या खुणा किंवा पुसट अक्षरे कायमची झाकली जाऊ शकतात.

हेही पाहा

जवस
साग
लाख
कार्ले लेणी
भाजे लेणी