शेततळ्यातला कागद आणि निकेलचा अंश

१/ जालना तालुक्यातील कडवंची हे गाव द्राक्षबागा आणि शेततळ्यांसाठी ओळखले जाते. २०१२-१३च्या दुष्काळात येथील बागा तळ्यांच्या पाण्यावर तगल्या. पाणी मुरू नये म्हणून तळ्यात जे अस्तर अंथरतात, त्याला शेतकरी नुसते ‘कागद’ म्हणतात. हा कागद पॉलिथिलीनचा असतो. त्यामागे एका फसलेल्या प्रयोगाची कथा आहे.

२/ पॉलिथिलीन १९३३ साली इंग्लंडमध्ये, आयसीआय कंपनीत सापडले. मात्र ते घडवण्यास वातावरणाच्या हजारपटीहून अधिक दाब लागे.

३/ १९५३. जर्मनीतील म्युलहाइम येथे कार्ल त्सीग्लर यांचा गट ॲल्युमिनियमच्या संयुगाच्या साह्याने एथिलीनचे रेणू एकापुढे एक जोडत होता. एर्हार्ड होल्त्सकाम्प या विद्यार्थ्याच्या हाती मात्र साखळीऐवजी ब्यूटीन आले. दोन रेणू जुळले आणि वाढ खुंटली.

४/ हा प्रयोग ‘बिघडला’ म्हणून टाकून देता आला असता. त्यांनी कारण शोधले. पोलादी दाबपात्रातून आलेला निकेलचा सूक्ष्म अंश साखळी तोडत होता. एक धातू वाढ रोखतो, तर दुसरा काय करील? गटाने एकेक धातू तपासला. झिर्कोनियम व टायटॅनियमने लांब साखळ्या दिल्या. टायटॅनियमने तर साध्या वातावरणीय दाबाखाली! १९६३ साली त्सीग्लर आणि इटलीचे जूलिओ नात्ता यांना नोबेल मिळाले.

५/ निकेलवर मात्र ‘साखळी तोडणारा’ असा शिक्का बसला. तो पुसला गेला १९९५मध्ये, अमेरिकेत.

६/ धातूच्या अणूभोवती ठरावीक जागी इतर रेणू वा आयन जोडले गेले, की जटिल संयुग बनते. या सोबत्यांना लिगंड म्हणतात. मॉरिस ब्रुकहार्ट यांच्या गटाने निकेलला नायट्रोजनच्या दोन हातांनी धरणारे, अवजड बाजूगट असलेले लिगंड दिले. त्या गटांनी निकेलच्या वरची व खालची जागा अडवली. साखळी सुटण्याची वाटच अरुंद झाली आणि ती वाढत राहिली. शिवाय निकेल साखळीवरून मागे सरकू लागला. त्यामुळे तिला फांद्याही फुटल्या.

७/ पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. एस. शिवराम यांच्या गटाने याच कुळातील निकेल संयुगाने हेक्झीनच्या साखळ्या घडवल्या आणि त्यांच्या फांद्यांची रचना एनएमआर तंत्राने उलगडली.

८/ शेततळ्याचा कागद आजही प्रामुख्याने टायटॅनियम वा क्रोमियमच्या उत्प्रेरकांवर घडलेल्या पॉलिथिलीनचा असतो, निकेलच्या नव्हे. पण टायटॅनियमचा माग निकेलमुळेच लागला. १९५३मध्ये साखळी तोडणारा आणि १९९५मध्ये ती वाढवणारा धातू एकच होता. बदलली ती त्याची संगत.

९/ इतिहासाच्या अभ्यासकाने यातून एक सवय उचलावी. दप्तरात न जुळणारी नोंद आढळली, तर तिला चूक ठरवण्यापूर्वी तिचे कारण शोधावे.