बर्फाळ उपग्रह : जन्म आणि जडणघडण

भंडारा हा तलावांचा जिल्हा. वैनगंगेच्या खोऱ्यात गावोगावी दिसणारे माजी मालगुजारी तलाव, म्हणजेच लोकांच्या तोंडचे ‘मामा तलाव’, ज्या खडकावर पाणी धरून ठेवतात तो दख्खनच्या काळ्या पाषाणाहून कितीतरी जुना आहे. मध्य भारतातील ज्या प्राचीन भूखंडाला भूशास्त्रज्ञ बस्तर किंवा भंडारा ‘क्रेटॉन’ म्हणतात, त्याच्या नावातच हा जिल्हा आहे. खाली खडक आणि वर पाणी ही रचना येथे इतकी परिचयाची की तिच्या उलट काही असू शकेल हे सहसा मनात येत नाही. गुरू आणि शनी यांच्या काही उपग्रहांवर मात्र अशी उलटी रचना असल्याचे सबळ पुरावे गेल्या चार दशकांत हाती आले आहेत. तेथे खडकाचे काम बर्फ करते आणि पाणी त्याच्या खाली, कित्येक किलोमीटर खोल अंधारात असते.

बर्फाला खडक म्हणणे हा केवळ अलंकार नव्हे. गुरूच्या युरोपा या उपग्रहावर विषुववृत्तापाशीही तापमान उणे १६० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. इतक्या थंडीत बर्फ दगडासारखे टणक होते. त्याचे डोंगर उभे राहतात, त्याला भेगा पडतात, उल्का आदळली की त्यात विवर तयार होते.

हे उपग्रह जन्माला कसे आले, याचे उत्तर सूर्यापासूनच्या अंतरात आहे. सुमारे साडेचार अब्ज वर्षांपूर्वी सूर्याभोवती वायू आणि धूळ यांची तबकडी फिरत होती. तिच्या बाहेरच्या भागात पाण्याची वाफ गोठून घन कण बनले आणि बांधकामाचे साहित्य एकाएकी वाढले. गुरू आणि शनी घडत असताना त्यांच्याभोवतीही अशाच लहान तबकड्या निर्माण झाल्या व त्यांतून त्यांचे मोठे चंद्र साकारले, असे बहुतेक संशोधक मानतात. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये पाहिलेले गुरूचे चार चंद्र या कल्पनेला चांगला आधार देतात. पाण्याच्या तुलनेत आयोची घनता साडेतीन पट, युरोपाची तीन पट, गॅनिमिडची १.९ आणि कॅलिस्टोची १.८ पट आहे. नवजात गुरू तप्त होता. त्याच्याजवळ बर्फ टिकले नाही, दूर टिकले. आयो आज कोरडा, ज्वालामुखींनी भरलेला आहे, तर कॅलिस्टोचा जवळपास निम्मा भाग बर्फाचा आहे.

शनीच्या घरात अशी शिस्त दिसत नाही. त्याचे आतले चंद्र ग्रहाइतकेच जुने आहेत की जुन्या चंद्रांच्या चुऱ्यातून नंतर घडले, हा वाद अद्याप मिटलेला नाही. शनीचा फीबी आणि नेपच्यूनचा ट्रायटन हे तर उलट्या दिशेने फिरतात. ते बाहेरून आलेले पाहुणे असून ग्रहाच्या गुरुत्वाकर्षणात अडकले, यावर आता फारसा मतभेद नाही.

उपग्रहाचे वय त्याच्या चेहऱ्यावरून ओळखतात. बुलडाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे असून त्याचे वय पावणेसहा लाख वर्षांच्या घरात आहे. अशी विवरे जितकी अधिक, तितका पृष्ठभाग जुना. कॅलिस्टोवर ती इतकी दाट आहेत की नव्या विवराला जुने मोडल्याशिवाय जागा नाही. तेथील वल्हाला या आघाताची वर्तुळे सुमारे ३,८०० किलोमीटर पसरली आहेत. युरोपावर मोठी विवरे मात्र मोजकीच आहेत आणि त्यावरून तेथील पृष्ठभागाचे वय अवघे चार ते नऊ कोटी वर्षे काढले जाते. सह्याद्रीचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे युरोपाचा आजचा चेहरा साधारण सह्याद्रीच्या वयाचा आहे. साडेचार अब्ज वर्षांच्या पिंडाने आपली कातडी इतक्यात बदलली असेल, तर आत कोठेतरी उष्णता आहे हे उघड होय.

ही उष्णता भरती-ओहोटीतून येते. गॅनिमिड गुरूभोवती एक फेरी मारतो तेवढ्या वेळात युरोपा दोन आणि आयो चार फेऱ्या मारतो. या ठेक्यामुळे त्यांच्या कक्षा पूर्ण वर्तुळाकार होऊ शकत नाहीत. युरोपा साडेतीन दिवसांच्या प्रत्येक फेरीत गुरूच्या किंचित जवळ जातो, किंचित दूर होतो आणि त्याचा गोळा जणू मळला जातो. बर्फाखाली समुद्र असेल, तर त्याचे कवच प्रत्येक फेरीत सुमारे ३० मीटर वर-खाली होत असावे, असे गणित सांगते. घन बर्फच असेल तर जेमतेम एक मीटर.

‘व्हॉयेजर’ यानांनी १९७९ मध्ये टिपलेल्या छायाचित्रांत युरोपा तडे गेलेल्या अंड्यासारखा दिसला. तांबूस रेघांचे जाळे, मधोमध खोबण असलेले जोड-कंगोरे, आणि काही ठिकाणी तुकडे होऊन सरकलेले व पुन्हा गोठलेले बर्फाचे ठोकळे. धुळे-नंदुरबारकडे काळ्या पाषाणाच्या भिंती मैलोन्‌मैल सरळ रेषेत धावताना दिसतात. त्या भेगांत शिरलेल्या लाव्हारसाच्या आहेत. युरोपाच्या रेघा पाहून भूशास्त्रज्ञाला त्यांची आठवण व्हावी, पण साम्य येथेच थांबते. जोड-कंगोरे नेमके कसे उभे राहतात, यावर एकमत नाही.

समुद्राचा भक्कम पुरावा छायाचित्रांतून नव्हे, चुंबकमापकातून मिळाला. ‘गॅलिलिओ’ यानाच्या नोंदींवरून मार्गारेट किव्हेल्सन, कृष्ण खुराना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवून दिले, की गुरूच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्राला युरोपा आणि कॅलिस्टो ज्या तऱ्हेने प्रतिसाद देतात, तसा तो पृष्ठभागाखाली खारे पाणी असल्यासच मिळू शकेल.

शनीच्या एन्सेलाडसने तर पाणी बाहेरच फेकून दाखवले. त्याचा व्यास अवघा ५०४ किलोमीटर. महाराष्ट्राची पूर्व-पश्चिम लांबी याहून अधिक आहे. इतका लहान गोळा केव्हाच थंड झाला असणार, असा समज होता. ‘कॅसिनी’ यानाने २००५ मध्ये त्याच्या दक्षिण ध्रुवापाशी चार समांतर भेगा पाहिल्या. प्रत्येक सुमारे १३० किलोमीटर लांब आणि भोवतालापेक्षा उष्ण. अरबी सुरस कथांशी नाते सांगणारी बगदाद, कैरो, दमास्कस, अलेक्झांड्रिया ही नावे त्यांना मिळाली. त्यांतून वाफ आणि हिमकणांचे फवारे अवकाशात उडतात व शनीच्या एका कड्याला सतत नवा माल पुरवतात. त्या कणांत मीठ सापडले. २०१७ मध्ये फवाऱ्यात हायड्रोजन आणि २०२३ मध्ये कणांत फॉस्फेट असल्याचे जाहीर झाले. जीवसृष्टीला लागणाऱ्या घटकांची यादी तेथे बरीचशी पुरी होते. जीव आहे, असे मात्र कोणीही म्हटलेले नाही.

विक्षिप्तपणात आयपेटसचा हात कोणी धरणार नाही. जियोव्हानी कॅसिनीने १६७१ मध्ये तो शोधला, पण शनीच्या एका बाजूस असतानाच तो त्याला दिसे. कारण त्याचा एक गोलार्ध डांबरासारखा काळा, तर दुसरा शुभ्र आहे. फीबीवरून सुटलेली धूळ त्याच्या पुढच्या अंगावर बसते. काळा भाग अधिक तापतो, तेथील बर्फाची वाफ होते आणि ती पांढऱ्या भागावर जाऊन गोठते. शिवाय त्याच्या विषुववृत्तावर एक कणा आहे, काही ठिकाणी २० किलोमीटरपर्यंत उंच. बारा कळसूबाई एकावर एक ठेवाव्यात तेवढा. तो कसा घडला, याबद्दल अनेक तर्क आहेत. युरेनसचा मिरांडा तुकडे जुळवून केल्यासारखा दिसतो, तर उणे २३५ अंश तापमानाच्या ट्रायटनवर ‘व्हॉयेजर २’ला १९८९ मध्ये नायट्रोजनचे उडते फवारे आढळले.

या समुद्रांविषयीची काळजी यानांच्या शेवटातूनही दिसते. इंधन संपलेले यान पुढेमागे युरोपावर किंवा एन्सेलाडसवर आदळून पृथ्वीवरचे जंतू तेथे पोहोचू नयेत, म्हणून २१ सप्टेंबर २००३ रोजी ‘गॅलिलिओ’ गुरूच्या आणि १५ सप्टेंबर २०१७ रोजी ‘कॅसिनी’ शनीच्या वातावरणात मुद्दाम जाळून टाकण्यात आले. युरोपाकडे ‘नासा’चे ‘युरोपा क्लिपर’ ऑक्टोबर २०२४ मध्ये निघाले असून ते २०३० मध्ये गुरूपाशी पोहोचेल. युरोपीय अवकाश संस्थेचे ‘ज्यूस’ एप्रिल २०२३ मध्येच निघाले. ते २०३१ मध्ये पोहोचून पुढे गॅनिमिडभोवती फिरू लागेल. बुधापेक्षा मोठ्या असलेल्या या उपग्रहाचा समुद्र फार जाड बर्फाखाली असल्याने ‘ज्यूस’ला दूर नेऊन जाळण्याची गरज मानलेली नाही, मोहिमेअखेर ते गॅनिमिडवरच उतरवून संपवण्याची योजना आहे.